पाणी किती वेळा गाळायचं?

मन दुरुस्त करायच्या आमच्या कामात चार-पाच मोठे पंथ आहेत. एक म्हणतो, माणसाच्या लहानपणात उतरा, गाठ तिथं सापडेल. दुसरा म्हणतो, लहानपण राहू द्या बाजूला, आज तो काय करतो ते बदला, मन मागोमाग येईल. तिसरा सांगतो, त्याचे विचार तपासा, चुकीचा विचार सुटला की त्रास सुटतो. चौथ्याचं म्हणणं, तुम्ही फक्त मनापासून ऐका, माणूस आपला रस्ता आपणच शोधतो. आणि पाचवा म्हणतो, एकट्यालाच काय धरून बसलात, सगळ्या घराला बोलवा.

प्रत्येक पंथाचे लोक दुसऱ्याकडं जरा नाक मुरडूनच बघतात. मीही बघायची. आधी साताऱ्यात आणि नंतर सांगलीत मिळून तीस वर्षं मी हे काम केलं आणि त्यातली पंचवीस-सव्वीस वर्षं मी ऐकणाऱ्यांच्या पंथातली कट्टर बाई होते. ती कट्टरता कशी आली आणि एका बाईनं ती कशी घालवली, एवढंच मला सांगायचं आहे. त्या बाईंचं नाव मी इथं त्रिशला ठेवलंय. लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

मी डॉक्टर नाही. गोळी लिहून द्यायचा मला अधिकार नाही. नवीन पेशंटला हे सांगितलं की तो सोबत आलेल्या माणसाकडं बघायचा, आणि दोघांपैकी एक जण विचारायचा, "मग तुमी देता काय?" मी म्हणायची, "वेळ." उत्तर मला फार आवडायचं. त्यात किती घमेंड होती ते पुढं कळलं.

ती घमेंड लोणंदला सुरू झाली. नोकरीच्या सुरुवातीला आठवड्यातून एक दिवस मी साताऱ्याहून लोणंदच्या दवाखान्यात जायची. तिथं इस्माईलभाई नावाच्या गृहस्थांना त्यांचा भाऊ घेऊन आला. गाद्या-उशा भरायचं त्यांचं दुकान होतं. बावीस वर्षांचा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून ते दुकान उघडत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. भाऊ त्यांना खुर्चीत बसवून बाहेर जायचा. इस्माईलभाई भिंतीकडं बघत बसायचे. मी काही विचारायची नाही. तासाभरानं भाऊ येऊन त्यांना घेऊन जायचा. असे आठ आठवडे गेले. दवाखान्यातली सिस्टर मला म्हणाली होती, "मॅडम, तुमचं काम लय सोपं हाय."

नवव्या आठवड्यात ते बोलले. "त्याची गादी मीच भरली होती. त्या गादीचं काय करू, ते कुणी सांगत न्हाई."

मीही सांगितलं नाही. मी विचारलं, "कशी होती ती गादी?"

मग ते तासभर बोलले. कापूस कुठनं आणला, डोक्याकडं मुलाला घट्ट लागायची म्हणून तिथं जास्त कसा भरला, अभ्रा कुणी शिवला. बोलता बोलता रडले, रडता रडता बोलले. पुढच्या आठवड्यात आल्या आल्या त्यांनीच सांगितलं, "गादी उसवली. कापूस परत पिंजला आणि घरातल्या सगळ्यांच्या उशा भरल्या." महिन्याभरात दुकान उघडलं.

त्या दिवशी साताऱ्याला परतताना एस.टी.त बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं की हेच खरं काम. बाकीचे करतात ती नुसती तंत्रं. भीतीच्या आजारात माणसाला पायरी-पायरीनं भीतीसमोर उभं करायची एक पद्धत आहे. मी ती शिकले होते, तिच्यावर पेपर देऊन पास झाले होते. पण सर्कशीत जनावरांना शिकवतात तसलं काहीतरी, असं मी मनात म्हणायची आणि तसले पेशंट दुसऱ्यांकडं पाठवून द्यायची.

निवृत्तीनंतर सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर मी खोली घेतली. खाली पोती उतरायची, जिन्यावर कायम पिवळी धूळ असायची. कोरोनाला दोनेक वर्षं होऊन गेली होती. एक दिवस अकराची वेळ दिलेला पेशंट पावणेबारापर्यंत आला नाही म्हणून मी दार उघडून बघितलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर एक बाई वाकून उभ्या होत्या. त्यांच्या मागं टोपी हातात धरलेले गृहस्थ. बाई एक पायरी चढायच्या, वळायच्या, मागची पायरी न्याहाळायच्या, मग पुढची चढायच्या.

खुर्चीत बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, जिना चढताना माझ्या पायाखाली काय आलं न्हाई ना?"

"नाही ताई," मी म्हणाले.

पुढचे आठ महिने मी हेच म्हणत राहिले.

त्रिशलाताई पलूस तालुक्यातल्या एका गावच्या. जैन शेतकरी घर, द्राक्षबाग आणि ऊस. वय अठ्ठेचाळीस. एकुलती एक मुलगी ऋतुजा, तिचं लग्न झालेलं, सासर सांगलीजवळच. पाणी गाळून प्यायचं, किडामुंगी जपायची, दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण कोरोनाच्या काळात सगळं जगच हात धूत होतं, पुसत होतं, परत धूत होतं. त्यात ह्या बाईंचं धुणं-गाळणं कुठवर गेलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. जग थांबलं, त्या थांबल्या नाहीत.

काय होतंय ते नवऱ्यानं सांगितलं. त्यांना सगळे भूपालअण्णा म्हणत.

"सकाळी पाणी गाळायला बसती. एकदा गाळलं की म्हणती, नीट गाळलं न्हाई. परत गाळती. चौदा-चौदा डाव. मग भाजी निवडायला बसती. मेथीची एक जुडी, तीन तास. सैपाक हुईस्तवर दिवस मावळतो. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत न्हाईत. मग ती तशीच ऱ्हाती."

"म्हणजे किती दिवस जेवल्या नाहीत?"

"आठवड्यातनं दोन-तीन दिवस जेवती. आमचा डबा भावजय करती, पण हिला दुसऱ्याच्या हातचं चालत न्हाई. त्यांनी नीट निवडलं नसंल म्हणती."

वजनकाट्यावर उभं केलं. अडतीस किलो.

त्यांना मिरजेच्या एका मानसोपचार डॉक्टरांनी माझ्याकडं पाठवलं होतं. गोळ्या त्यांनी सुरू केल्या होत्या आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं की भीतीसमोर उभं करायचे सराव लवकर सुरू करावेत. डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी फोनवर म्हणाले, "आधी विश्वास तर बसू दे बाईंचा." ते म्हणाले, "बसू दे, पण वजन बघा."

मी ऐकायला बसले. त्या भरभरून बोलायच्या. मी त्यांच्या लहानपणात उतरले. पाचव्या महिन्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. आठ वर्षांच्या असताना आईनं त्यांना अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत लाकूड सारायला सांगितलं. लाकडाला भोक होतं. आग लागल्यावर आतनं मुंग्या बाहेर आल्या, लाकडावरनं इकडून तिकडं पळायला लागल्या. त्रिशला उभी राहून बघत राहिली. लाकूड बाहेर ओढलं नाही. त्याच आठवड्यात धाकटी बहीण मंदा तापली आणि तिचा एक पाय कायमचा लुळा पडला.

"माझ्यामुळं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. माझेही डोळे भरले. मला वाटलं, सापडली गाठ. चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं, आता बाई मोकळी झाली. पुस्तकात असं झालं की पुढच्या पानावर पेशंट बरा असतो.

दुसऱ्या दिवशी भूपालअण्णांना फोन केला. "आज पाणी किती वेळा गाळलं?"

"चौदा."

मी डगमगले नाही, नुसता पंथ बदलला. विचार तपासायचे ठरवले. कागदावर दोन रकाने पाडले. एका बाजूला भीती, दुसऱ्या बाजूला पुरावा. ह्या पद्धतीनं परीक्षेला घाबरणारी कितीतरी मुलं दुसऱ्यांकडं बरी झालेली मी बघितली होती.

"ताई, पायाखाली मुंगी मेली असं वाटतं, त्याला पुरावा काय?"

त्या म्हणाल्या, "मेली न्हाई ह्याला तुमच्याकडं काय पुरावा हाय, मॅडम?"

मी पेन खाली ठेवलं. बाई सातवी शिकलेल्या, पण वादात मला त्यांनी कधी पुढं जाऊ दिलं नाही. शंका हाच ज्या आजाराचा खुराक, त्याला आणखी विचार घालून मी तो पोसत होते.

शिवाय फोन. त्या दिवसातनं पाच-सहा वेळा मला फोन करायच्या. "मॅडम, झाडताना खराट्याखाली काय आलं असंल का? पाप न्हाई ना लागायचं?" मी हातातलं काम टाकून म्हणायची, "नाही ताई, तुम्ही चांगल्या आहात." मी प्रत्येक फोन घेते ह्याचा मला अभिमान होता.

आठव्या महिन्यात ऋतुजा एकटीच भेटायला आली. ती शाळेत गणित शिकवते. चौथा महिना लागला होता तिला.

"मॅडम, रागावू नका," ती म्हणाली. "मी सुट्टीत आठ दिवस घरी होते. आई तुम्हाला फोन करते, तुम्ही नाही म्हणता, मग ती पंधरा मिनिटं बरी असते. मग पप्पांना विचारते. ते न्हाई म्हणतात, ते दहा मिनिटं पुरतं. पूर्वी पप्पांचं न्हाई तासभर पुरायचं. पाणी चौदा वेळा गाळणं आणि हे, एकच नाही का?"

मी टेबलावरचा फोन पालथा ठेवला.

"पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते," ती पुढं म्हणाली. "मी येणार नाही. आई माझ्या बाळाला किती वेळा धुवेल, मला माहीत नाही. आणि ती अशीच राहिली तर तोवर ती असेल का, तेही मला माहीत नाही. तिला हे मी सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते."

ती गेल्यावर वजनाची वही काढली. आठ महिन्यांत अडतीसचे साडेसदतीस झाले होते. मी इतक्या मायेनं दिलेलं प्रत्येक 'नाही' हे एक गाळणंच होतं. ती बाई माझ्याकडं बरी व्हायला येत होती आणि मी तिच्या आजारातलं एक भांडं होऊन बसले होते. ह्या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक ही. ती लपवावी असं मला कधी वाटलं नाही, कारण ती माझ्या चांगुलपणातनं झाली होती आणि असल्या चुका लवकर दिसत नाहीत.

मी मिरजेला गेले. डॉक्टरांना म्हणाले, "मला शिकवा." वयाच्या साठीला वही-पेन घेऊन दर शनिवारी त्यांच्यापुढं बसायला लागले. पद्धत सांगायला सोपी आहे. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ठरवून, थोडं थोडं उभं राहायचं, आणि ती भीती घालवायला जे करत आलो ते करायचं नाही. परत गाळायचं नाही, मागं वळायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. भीती चढते. आपण काहीच केलं नाही तर काही वेळानं ती थकते. आणि नाही थकली तरी तिच्यासकट आपल्याला स्वयंपाक करता येतो, हे माणसाला कळतं.

नवं शिकलेलं माणूस जास्तच जोरात करतं. पहिल्याच आठवड्यात मी त्रिशलाताईंना सांगितलं, "ह्या वेळी मेथी न निवडता शिजवायची." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर पाच आठवडे आल्या नाहीत.

सहाव्या आठवड्यात भूपालअण्णा आले, ते दारातच उभे राहिले.

"मॅडम, आजार घालवा म्हणून आणलं हुतं. तुमी तिचा धरमच काढून घ्यायला निघालाय. न निवडता भाजी आमच्यात कुणीच खात न्हाई. मीबी न्हाई."

माणूस बरोबर बोलत होता. ह्या पद्धतीत ही खोट आहे. ती भीती ओळखते, पण माणूस काय जपतो ते तिला आपणहून दिसत नाही. ते बघायला आधी ऐकावं लागतं, आणि ऐकण्यात पंचवीस वर्षं घालवलेली मी नेमकं त्याच दिवशी ऐकायचं विसरले होते.

"अण्णा, माझं चुकलं," मी म्हणाले. "आत या. तुमच्या देवळात उपाध्ये असतील ना? किती गाळायचं, किती निवडायचं, हे त्यांना विचारायचं का? ताई, तुम्ही, मी, सगळ्यांनी मिळून. एकदाच."

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. पलीकडनं त्रिशलाताईंचा आवाज आला, "विचारू दे. मीबी येते."

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही चौघं त्यांच्या गावच्या जैन मंदिराच्या कट्ट्यावर बसलो. उपाध्ये पन्नाशीचे, पूजा आटोपून विम्याचं काम करणारे. स्कूटरवरनं आले, हेल्मेट बाजूला ठेवलं आणि मांडी घातली. मी विचारलं, "पाणी किती वेळा गाळायचं?"

"एकदा. कापड दुहेरी पाहिजे, धुतलेलं पाहिजे. एकदा ओतायचं, झालं."

त्रिशलाताई पुढं सरकल्या. "आणि नीट गाळलं न्हाई असं वाटलं तर?"

"वाटू दे."

"भाजी?"

"निवडायची. डोळ्यानं दिसंल तेवढं. एक पान दोनदा उलटायचं न्हाई."

"आणि चालताना?"

उपाध्ये म्हणाले, "मुनी महाराज चालतात बघा. चार हात पुढची जमीन बघून पाय टाकतात. मागं वळून मेलेली मुंगी हुडकत बसत न्हाईत. जपून चालायचं, वहिनी. पण चालायचं."

मी सगळं कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं, उपाध्ये हो म्हणाले. मग मी म्हणाले, "ताई, आता हे परत विचारायचं नाही. उपाध्यांना नाही, अण्णांना नाही, मला नाही."

"मग विचारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही."

"आणि खरंच पाप झालं असंल तर?"

माझ्या जिभेवर 'नाही ताई' आलं होतं. आठ महिन्यांची सवय ती. मी ते गिळलं. "झालं असेल. नसेलही. मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवलं तरी नको वाटतं. उपाध्यांनी हेल्मेट उचललं, पण उठले नाहीत. मग त्रिशलाताईंनी तो कागद माझ्या हातातनं घेतला, घडी घातली आणि पदराला बांधला.

मी आठवड्यातनं दोनदा बसनं त्यांच्या गावी जायला लागले. पहिल्या दिवशी अंगणात हंडा, कळशी आणि दुहेरी कापड. त्यांनी पाणी एकदा गाळलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. मी शेजारी बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ हलत होते. दर पाच मिनिटांनी मी विचारायची, "भीती दहापैकी किती?" नऊ. दहा. दहा. नऊ. चाळीस मिनिटांनी सहा. त्यांनी तेच पाणी घेऊन भात शिजवला. खाल्ला मात्र नाही. तिसऱ्या वेळी दोन घास खाल्ले.

सगळ्यात अवघड गेलं ते भूपालअण्णांना. त्यांना मी एकच वाक्य दिलं होतं: "मला म्हायत न्हाई." बायकोनं विचारलं की तेवढंच म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यांनी सात वेळा 'न्हाई मेली' म्हटलं. मला म्हणाले, "बायको रडतीया आन् म्हायत न्हाई म्हणायचं? आमी काय दगड हाय का?" मग ते दिवसभर बागेतच थांबायला लागले, म्हणजे विचारायला कुणी सापडायलाच नको. मी बागेत जाऊन त्यांना घेऊन आले.

"पळून चालणार नाही, अण्णा. उत्तर द्यायचं नाही, पण जवळ बसायचं. दोन्ही पाहिजे."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं. मला विचारा, ते सोपं काम नाही."

त्या दिवशी त्रिशलाताई रडत होत्या आणि ते शेजारी पाट टाकून बसले. हात धरला. त्यांनी विचारलं, "आवं, सांगा की, मेली का वो?" ते म्हणाले, "म्हायत न्हाई, त्रिशला. मी हितंच हाय." हे दुसरं वाक्य मी शिकवलं नव्हतं. ते त्यांचं. पुढं मी कितीतरी नवऱ्यांना, आयांना ते शिकवलंय.

सरळ काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात पावसानं घरात वाळवीचे पंख असलेले किडे शिरले आणि चार दिवसांत सगळं मागं गेलं. पाणी परत अकरा वेळा. त्यांनी गाळायचं कापड माझ्यापुढं टाकलं. "न्हाई जमायचं मला. तुमी दुसरं कुणीतरी बघा."

"दुसरं कुणी बघायला मी रिकामी नाही," मी म्हणाले. "मी गुरुवारी येणार आहे. तुम्ही दार उघडलं नाही तर ओट्यावर बसेन."

गुरुवारी दार उघडं होतं. कळशी भरून ठेवलेली होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी आठ वर्षांची हुते तवापासनं त्या मुंग्यांच्या मागं हाय. चाळीस वर्षं झाली. आता बास." आणि पाणी ओतलं. एकदा.

तेव्हा मला कळलं की ती लहानपणाची गोष्ट वाया गेली नव्हती. तिनं आजार हलला नाही, पण आपण कशाशी भांडतोय ते बाईंना कळलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी बहिणीला फोन करून ती गोष्ट सांगितली. मंदाताईंचं शिलाईचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "अगं, पोलिओ हुता त्यो. आन् चाळीस वर्षं गप का बसलीस, मला तवाच सांगायचं." हेही उत्तर दिल्यासारखंच झालं, पण ते मी जाऊ दिलं. बहिणींमध्ये पडू नये.

सातव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी धास्तावले, कारण फोन बंद करायचं ठरलं होतं. "मॅडम, गोठ्याकडं जाताना पायाखाली कायतरी आलं. मागं वळून बघितलं न्हाई. विचारायला फोन केला न्हाई, सांगायला केलाय." आणि ठेवला.

हल्ली आमच्याकडं शिकायला मुलं-मुली येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, तुमची पद्धत कुठली?" मी त्यांना इस्माईलभाईंबद्दल सांगते. त्यांना भीतीसमोर उभं करायचं काय होतं? मुलगा गेलेला होता. तिथं ऐकणं हेच औषध होतं, आणि घाईनं काही शिकवायला गेले असते तर ते उठून गेले असते. मग त्रिशलाताईंबद्दल सांगते. तिथं नुसतं ऐकणं म्हणजे आगीत तेल होतं. विचार तपासायची पद्धत फार कामाची आहे, पण शंकेशी वाद घालू नये. लहानपण उकरलं की का झालं ते कळतं, पण कळलं म्हणून सुटतं असं नाही. सरावानं सुटतं, पण सराव कुणाचा आणि कशासाठी हे त्या माणसाला विचारल्याशिवाय तो चालत नाही. घर सोबत घेतलं नाही तर घरच आजाराला वाढून देतं. मुलं लिहून घेतात. मी म्हणते, लिहू नका, वजनाची वही ठेवा. आपण चांगलं वागतोय की पेशंट बरा होतोय, ह्यातला फरक त्या वहीत कळतो. माझ्यामुळं त्या बाईंच्या आयुष्यातले आठ महिने गेले, ते मला परत देता येणार नाहीत. म्हणून अजून आठवड्यातले तीन दिवस मी खोली उघडते. जमेल तोवर उघडणार.

त्रिशलाताई पूर्ण बऱ्या झाल्या का? त्यांची दुरुस्ती इथंच होती. मी 'बऱ्या झाल्या' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "तसं लिवू नका. शंका रोज येती. मी तिला जेवायला बसवत न्हाई, एवढंच लिवा." पावसाळ्यात अजूनही चार-दोन वाईट दिवस येतात. गोळ्या कमी झाल्यात, बंद नाहीत.

आठवा महिना लागल्यावर ऋतुजा बाळंतपणाला माहेरी आली. तिनं आईला अट घातली नाही. फक्त यायच्या आधी मला विचारलं, "येऊ का?" मी म्हणाले, "मला माहीत नाही. तू ठरव." ती हसली आणि बॅग घेऊन आली. मुलगी झाली.

सव्वा महिन्यानं बारसं होतं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. दुपारी तीनला पाळणा झाला. अंगणात पन्नास-साठ माणसं, पोरांची पळापळ, जमिनीवर सांडलेले फुटाणे आणि त्यांना लागलेल्या मुंग्या. मी एका कडेला बसून त्रिशलाताईंकडं बघत होते. त्या नातीला खांद्यावर घेऊन त्या गर्दीतनं चालत होत्या. पुढं बघून पाय टाकत होत्या. एकदा थांबल्या, मान अर्धी मागं वळली. भूपालअण्णा लांबून बघत होते, मीही. मग मान सरळ झाली आणि त्या पुढं गेल्या. नातीला ऋतुजाकडं दिलं.

पाच वाजता बायकांची पंगत बसली. स्वयंपाक भावजयीनं आणि आचाऱ्यानं केला होता. त्रिशलाताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. ताटात आमटी, भात, शेवयांची खीर. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी मुद्दाम माझ्या ताटाकडं बघत राहिले. दुसरा घास घेतला. मग त्या जेवतच राहिल्या, भुकेल्या माणसासारख्या, इकडं तिकडं न बघता. दिवस अजून चांगला कासराभर वर होता. वाढणारी भावजय पुढं निघून चालली तशी त्यांनी तिला हाक मारली आणि ताट पुढं केलं.

"आमटी वाढ गं अजून," त्या म्हणाल्या. "वेळ हाय."